दोनशे चौदावं पान

"मॅडम, बस एक सही पाहिजे."

पुष्पलता रंगारी गेली एकोणीस वर्षं हे वाक्य ऐकत आल्या होत्या. नागपुरातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या ग्रंथपाल होत्या. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी त्यातला मजकूर दुसऱ्या कुणाचा उचललेला तर नाही ना, हे तपासून दाखला देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. विद्यार्थी यायचे, पेनड्राइव्ह द्यायचे, संगणक टक्के सांगायचा, आणि टक्के मर्यादेत असले की पुष्पलताताई सही करायच्या. सगळेच घाईत. समोरच्या खुर्चीवर नीट टेकायचेसुद्धा नाहीत. कोणत्याही कार्यालयात कधी सहीसाठी ताटकळलेल्या माणसाला ही घाई नवी नाही.

त्या मार्चमधल्या सोमवारी आलेली मुलगी तर उभीच राहिली. धनश्री नंदनवार तिचं नाव. वय एकतीस, राहणारी उमरेडची. एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि रोज बसने ये-जा करायची. तिच्या प्रबंधाचा विषय होता उमरेड परिसरातल्या विणकर कुटुंबांमधलं मुलींचं शिक्षण. दोनदा मुदतवाढ घेऊन झाली होती. आता शेवटचे बारा दिवस उरले होते.

"अकरा टक्के. उत्तम आहे की!" पुष्पलताताई म्हणाल्या आणि त्यांनी पेन उचललं.

पण सही करण्याआधी त्यांनी प्रबंधाची शेवटची पानं उलटली. संदर्भसूची वाचायची त्यांना जुनी हौस होती. प्रवासात माणसं खिडकीतून गावं बघतात, तशा त्या सूचीतली पुस्तकं बघायच्या. कोणी काय वाचलं, कुठून कुठे गेलं, याचं त्यांना कायम कुतूहल. त्या सूचीत त्यांना एक अनोळखी नाव दिसलं. 'हातमाग विणकर कुटुंबांची पाहणी, १९६४'. प्रबंधात त्यातलं एक वाक्य घेतलं होतं, 'विणकर पालक मुलींच्या शिक्षणाबाबत उदासीन असतात.' पान क्रमांक दोनशे चौदा.

हा अहवाल आपल्याकडे आहे तरी का, म्हणून त्यांनी सहज संगणकात शोधला. नोंद होती. पृष्ठसंख्या एकशे शहाऐंशी.

पुष्पलताताईंनी चष्मा पुसला आणि आकडा पुन्हा वाचला. एकशे शहाऐंशी पानांच्या पुस्तकात दोनशे चौदावं पान आलं कुठून?

"धनश्री, हा अहवाल तू कुठे पाहिलास?"

मुलगी गोंधळली. "पाहिला नाही मॅडम. म्हणजे… आधीच्या प्रबंधांत होता. सगळेच देतात तो संदर्भ. सरांच्या लेखातही आहे."

"मला दोन दिवस देशील? मला फक्त बघायचंय."

धनश्रीचा चेहरा पडला. "मॅडम, उमरेडच्या कॉलेजात जागा निघाली आहे. प्रबंध जमा झाल्याची पावती जोडायची आहे. एका ओळीसाठी थांबवू नका ना! घरी सगळे वाट पाहून राहिले."

"थांबवत नाही गं. दोन दिवस बाकीचं टंकलेखन तपासत राहा. बुधवारी ये."

ती गेली आणि पुष्पलताताई जुन्या प्रबंधांच्या कपाटाकडे वळल्या. संध्याकाळपर्यंत त्यांनी विणकरांवरचे नऊ प्रबंध काढले. नऊच्या नऊ प्रबंधांत तेच वाक्य होतं, तोच अहवाल आणि तेच दोनशे चौदावं पान! सगळ्यात जुना प्रबंध १९९७ चा. तो धनश्रीचे मार्गदर्शक डॉ. मुकुंद आष्टनकर यांचा होता. आणि शेवटच्या चार प्रबंधांच्या दाखल्यावर सही होती पुष्पलता रंगारी यांचीच.

संगणकाने आपलं काम चोख केलं होतं. मजकूर चोरलेला नाही, एवढं त्याने सांगितलं होतं. मजकूर खरा आहे का, हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अहवालाचा शोध सुरू झाला. संगणकात त्याच्यापुढे शेरा होता, 'गहाळ'. ठरलेल्या जागी तो नव्हता. शेजारच्या रांगांतही नव्हता. ग्रंथालयातले सर्वांत जुने कर्मचारी चंद्रभानभाऊ शिडीवर चढून थकले.

"मॅडम, काहून एवढा जीव काढून राहिल्या तुम्ही? तीस वर्षांत माह्यापाशी कोनी नाही मागतलं थे पुस्तक."

"म्हणूनच तर भाऊ! कुणी मागितलं नाही आणि नऊ जणांनी त्यातलं वाक्य लिहिलं. तुम्हाला नवल नाही वाटत?"

चंद्रभानभाऊंनी डोकं खाजवलं. "नवल तं हाय गा बाप्पा!" असं स्वतःशीच म्हणत ते आत गेले आणि दाखल नोंदवही घेऊन आले. ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची पहिली नोंद या वहीत होते. संगणक आला तेव्हा वह्या मागे पडल्या, पण फेकल्या नव्हत्या. तास-दीड तास पानं उलटल्यावर अहवालाची ओळ सापडली. तिच्यापुढे शाईने बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, 'सन १९९२, कापूस वाहतूक अहवालासोबत एकत्र बांधणी.'

पानं सुटायला लागली म्हणून कुणीतरी दोन अहवाल एका पुठ्ठ्यात बांधून टाकले होते आणि पाठीवर नाव घातलं होतं एकाचंच. विणकरांचा अहवाल हरवला नव्हता. तो तीस वर्षं कापसाच्या पोटात, शेतीच्या कपाटात बसला होता!

चंद्रभानभाऊंनी तो जाडजूड ग्रंथ टेबलावर ठेवला. बांधणीनंतर आत चिकटवलेली तारखांची चिठ्ठी कोरी होती. एकही शिक्का नाही. दोनशे चौदावं पान अर्थातच नव्हतं. पुष्पलताताई पहिल्या पानापासून वाचत गेल्या आणि एकशे चौदाव्या पानावर थांबल्या.

बुधवारी धनश्री आली तेव्हा त्यांनी तिला शेजारी बसवलं. "वाच. मोठ्याने वाच."

धनश्री वाचू लागली, "विणकर पालक मुलींच्या शिक्षणाबाबत उदासीन असतात, असे या भागात सर्रास बोलले जाते." ती थांबली. पुढे वाक्य होतं. "पाहणीत मात्र याच्या नेमके उलट दिसून आले."

"पुढे?"

"एकशे चाळीस घरांपैकी एकशे दोन घरांतील आयांनी सांगितले की, शाळा दुपारी भरते आणि मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याचे कामही दुपारीच असते. शाळा सकाळी असल्यास मुलींना पाठवण्यास त्या तयार आहेत. ज्या एका पेठेत सकाळची शाळा सुरू केली, तेथे सहा महिन्यांत मुलींची संख्या तिप्पट झाली."

धनश्रीने मान वर केली. "मॅडम, हे तर… हे तर उलटंच आहे!"

"अर्धं वाक्य घेतलं गं, आणि पानही एकशे चौदाचं दोनशे चौदा झालं. उरलेलं अर्धं तिथेच राहिलं."

धनश्रीने त्या ओळींवरून पुन्हा एकदा बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "मॅडम, एक सांगू? मी साठ आयांच्या मुलाखती घेतल्या. त्यांतल्या त्रेचाळीस जणींनी मला हेच सांगितलं. आता मागावर कोणी बसत नाही. कोणी डबे करतात, कोणी दुकानात जातात. पण त्या म्हणतात, पोरीला शिकवायचं आहे, क्लास सुटल्यावर घरी यायला बस नाही. मी सगळं लिहून घेतलं. आणि प्रबंधात त्याला काय म्हटलं माहीत आहे? अपवाद! साठातल्या त्रेचाळीस अपवाद!"

"असं का केलंस?"

"छापलेलं कसं खोटं असेल, असं वाटलं. शिफारशींत मी लिहिलं, पालकांसाठी जनजागृती शिबिरं घ्यावीत." तिचे डोळे भरून आले. "मॅडम, माझी आई चौथी शिकलेली. ती मले रोज बस स्टँडवर सोडायले यायची, बस येईपर्यंत उभी राहायची. मी तिच्याच घरात बसून तिले उदासीन लिहिलं!"

पुष्पलताताईंनी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला. नंतर दोघी मिळून डॉ. आष्टनकरांच्या खोलीकडे निघाल्या.

डॉ. आष्टनकर निवृत्तीला आलेले, विद्यार्थ्यांसाठी धावपळ करणारे गृहस्थ. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "पुष्पलताताई, तुमचं बरोबर आहे. पण वेळ बघा. दहा दिवसांत एक प्रकरण आणि शिफारशी नव्याने लिहायच्या? या मुलीची नोकरी जाईल. ओळ राहू द्या. पुढे पुस्तक काढेल तेव्हा सुधारेल."

"सर, तुमच्यानंतर आठ जणांनी हेच ठरवलं असेल. पुढे बघू."

सर जरा चिडले. "एका वाक्याने असं काय होतं हो?"

"एका वाक्याने कुणाचं काय बिघडलं, ते मला मोजता येणार नाही," पुष्पलताताई म्हणाल्या. "पण ज्या शासकीय समितीवर तुम्ही होतात, तिचा अहवाल काल मी वाचला. त्यातही हे वाक्य आहे. आणि त्याच्याखाली शिफारस आहे, पालकांचं प्रबोधन करा. आया सांगत होत्या शाळेची वेळ बदला, आणि आपण साठ वर्षं त्यांनाच शहाणपण शिकवतोय! सर, माणूस उदासीन आहे असं एकदा लिहिलं की त्याला काही द्यायची गरजच उरत नाही. दोष त्याच्याच माथी जातो."

सर खिडकीकडे बघत होते.

"मी आलो होतो तुमच्या ग्रंथालयात," ते सावकाश म्हणाले. "शहाण्णव साली. तीन वेळा. मला सांगितलं, अहवाल गहाळ आहे. मग एका मासिकातल्या जुन्या लेखात ते वाक्य सापडलं. पान क्रमांकासकट. मी उचललं. शोधलं असतं तर… पण माझीही तारीख जवळ आली होती."

पुष्पलताताईंना नोंदवहीतली ती ओळ आठवली. म्हणजे अर्धा गुन्हा ग्रंथालयाचाच होता! वहीत एक ओळ लिहून पुस्तक कापसाच्या कपाटात टाकलं आणि तीस वर्षं येईल त्याला 'गहाळ' म्हणून परत पाठवलं.

"सर, त्याबद्दल मी ग्रंथालयाच्या वतीने माफी मागते," त्या म्हणाल्या. "मी तेव्हा नव्हते, पण आता आहे. आणि चार दाखल्यांवर सही माझीच आहे. चूक एकट्या तुमची नाही, माझीही आहे. फक्त या मुलीच्या हातून ती पुढे जायला नको."

त्यांनी तो जाड ग्रंथ सरांपुढे उघडून ठेवला. सरांनी एकशे चौदावं पान वाचलं. पुन्हा वाचलं. शेवटी धनश्रीकडे बघून म्हणाले, "मुलाखतींच्या वह्या आणल्यास का? काढ बाहेर. त्रेचाळीस जणींना अपवाद म्हणणारं प्रकरण आधी फाडू!"

पुढचे नऊ दिवस तिघंही त्यालाच जुंपले. सर रोज संध्याकाळी ग्रंथालयात येऊन बसायचे. पुष्पलताताईंनी शाळांच्या वेळांवरचे आणखी चार जुने अहवाल शोधून दिले. धनश्रीने शिफारशी नव्याने लिहिल्या, त्यांत शिबिरांचं नावही उरलं नाही. प्रबंध शेवटच्या दिवशी, दुपारी चार वाजता जमा झाला. त्याच आठवड्यात सरांनी आपल्या जुन्या लेखाची दुरुस्ती मासिकाकडे पाठवली. खाली स्वतःचं नाव ठळक लिहून.

उमरेडची ती जागा धनश्रीला मिळाली नाही, दुसऱ्या उमेदवाराची निवड झाली. तिला वाईट वाटलं, पण ती हातपाय गाळून बसली नाही. डिसेंबरमध्ये तोंडी परीक्षा झाली आणि ती डॉक्टर झाली. त्यानंतर एका रविवारी ती एकशे चौदाव्या पानाची झेरॉक्स घेऊन आपल्या मुलाखतींमधल्या बायांकडे गेली. तिने पुष्पलताताईंनाही सोबत नेलं.

उमरेडच्या एका ओसरीवर दहा-बाराजणी जमल्या. त्यांत सत्तरी ओलांडलेल्या सिंधूताई होत्या. धनश्रीने पान वाचून दाखवलं, तशा त्या एकदम ताठ बसल्या.

"थांब वं पोरी. हे तं आमच्याच पेठेतली सकाळची शाळा हाय! मी गेली हावो त्या शाळेत. तिसरीपर्यंत. एक मानूस आला होता, खांद्याले झोला, हातात वही. माझ्या मायले इचारून राहिला होता अन् लिहून राहिला होता. माय म्हने, एवढं लिहून हा काय करन?" सिंधूताई हसल्या, आणि हसता हसताच त्यांनी पदराने डोळे पुसले. "मायनं सांगतलं होतं, त्यानं लिहूनबी घेतलं होतं. वाचलंच नाही कोनी!"

पुष्पलताताईंनी ते पान सिंधूताईंच्या हातात ठेवलं. परतीच्या बसमध्ये त्यांनी मनाशी काहीतरी ठरवलं, आणि सोमवारीच ते अमलात आणलं. आता त्यांच्या ग्रंथालयात दाखल्याच्या अर्जावर एक नवा रकाना आहे. 'सूचीतले कोणते मूळ ग्रंथ तुम्ही स्वतः उघडून पाहिले?' सुरुवातीला पोरं कुरकुरली. आता विचारायला येतात, मॅडम, हे मूळ कुठे मिळेल? चंद्रभानभाऊंनी दाखल नोंदवह्या एकेक करून पालथ्या घातल्या आणि चार महिन्यांत 'गहाळ' म्हणून नोंदलेली त्रेसष्ट पुस्तकं इतर पुस्तकांच्या पुठ्ठ्यांतून बाहेर काढली. रोज एखादं सापडलं की ते लहान मुलासारखे ओरडतात, "मॅडम, घ्या, अजून एक गवसलं!"

वाचकहो, प्रबंध लिहिणारे थोडे असतात, पण दुसऱ्यांविषयी मत देणारे आपण सगळेच असतो. अमक्या वस्तीतले लोक असेच, तमक्या समाजाला शिक्षणाची आवडच नाही, असं आपण कट्ट्यावर बोलतो, मोबाईलवरून पुढे ढकलतो, आणि हे कुठून आलं ते कधी विचारत नाही. कुणाविषयी अशी एखादी ओळ पुढे पाठवण्याआधी एवढंच करूया. मूळ पान उघडूया, आणि ज्यांच्याविषयी ते लिहिलंय, त्यांच्याच दारात जाऊन त्यांचं म्हणणं ऐकूया. त्याला फार तर दोन दिवस लागतील. न विचारलेल्या एका प्रश्नापायी विणकरांच्या घरांतल्या आयांना साठ वर्षं दोष लागला होता!