ह्यांचं नाव

“श्रीरंग, माझी वेणी घाल रे!” इंदुबाईंनी ओट्यावरून हाक मारली आणि गोडादऱ्याच्या मराठी वस्तीतली ती अख्खी गल्ली कान टवकारून बसली.

श्रीरंगराव खाली मान घालून कंगवा घेऊन आले. लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागांच्या कारखान्यात, हा मुकादम दिसला की कारागीर विड्या विझवत आणि घरात ही तऱ्हा. उभ्या संसारात इंदुबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं ते फक्त उखाण्यात, तेही लाजत. पण मेंदूचा आजार जडला आणि शेजारणींची नावं, चहातली साखर, अहो-जाहो, सगळंच एकेक करून गळालं. भाजीवाला अरे, घरमालक अरे, नवरा तर हक्काचा अरे. मागच्या खेपेला लेकीला, वैशालीला, बघायला आलेल्या मुलाच्या बापाला त्या म्हणाल्या होत्या, “अरे, किती खाशील?” ते स्थळ जे गेलं ते गेलंच.

आज तिला बघायला बारडोलीचे पाहुणे यायचे होते.

“बाबा, आईला शेजारी वत्सलाकाकूंकडे बसवू का?” वैशालीनं हळूच विचारलं.

“आई हाय ती तुझी. लपवून ठेवायची चीज न्हाई.” त्यांनी वेणीला गाठ मारली. “इंदू, पाहुण्यांना अहो म्हणायचं बरं का.”

“म्हणीन की रे.”

“आन् मलाबी.”

“तुला कशाला? तू तर घरचाच हाईस.”

मुकादम कंगवा खिशात घालून कपबश्या मांडायला उठले.

पाहुणे आले. श्रीरंगरावांचा जीव टांगणीला लागला होता. पण इंदुबाईंनी डोक्यावर पदर घेतला, हात जोडले आणि जुनी इंदूच बोलायला लागली. “या, बसा. वाटेत तरास न्हाई ना झाला? ताई, तुम्ही इकडं वाऱ्याला बसा. घ्या की अजून, लाजता काय?” मुलाची आई विरघळलीच. उठताना म्हणाली, “माणसं मायेची हायत. येत्या रविवारी सुपारी फोडू.”

श्रीरंगराव त्यांना रिक्षापर्यंत पोचवून आले ते जवळजवळ पळतच. पोरीचं जमलं होतं आणि बायको परत मिळाली होती. आणखी काय हवं माणसाला?

इंदुबाई दारातच उभ्या होत्या, पदर सावरून.

“तुम्ही मागं राहिलात होय? या, बसा. आमचे हे येतीलच एवढ्यात खात्यातून.”

श्रीरंगराव उंबऱ्याबाहेरच थांबले. ज्या हाकेनं वर्षभर गल्लीत मान खाली गेली, तीच आता कुणी विकत दिली असती तरी त्यांनी घेतली असती.

“इंदू,” ते म्हणाले, “मला श्रीरंग म्हण की.”

इंदुबाईंनी जीभ चावली. पदर आणखी पुढं ओढला.

“काहीतरीच बोलता. ते आमच्या ह्यांचं नाव हाय. मी कसं घेऊ?”

श्रीरंगरावांनी चपला दाराबाहेर काढल्या, आत येऊन ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि इंदुबाईंनी आणलेलं पाणी दोन्ही हातांनी घेतलं.