धाऊचा पाय

डोळखांबच्या शिवतारा बेंजो पार्टीचं एकही गाणं धाऊच्या पायाने पास केल्याशिवाय बाहेर वाजलं नाही, हे त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. हसू नका, खरंच सांगतोय. पार्टीच्या मालकाने, कमळूने, पहिला कॅसिओ कीबोर्ड आणला तेव्हापासूनची ही रीत. नवी चाल बसवली की अख्खी पार्टी धाऊच्या ओटीवर येऊन वाजवायची, आणि धाऊच्या तोंडाकडे कुणी बघायचंच नाही. तोंडाचं काय घेऊन बसलात, तोंडदेखलं 'झ्याक' कुणीही म्हणतो. सगळ्यांचे डोळे त्याच्या उजव्या पायावर. पाय आपसूक हलला तर चाल हळदीला, जत्रेला वाजणार. नाही हलला तर तिथेच मेली.

त्या पौषात कमळू एकटाच आला. ना बेंजो, ना ऑक्टोपॅड, ना पार्टीतलं कुणी. हातात नुसती एक सीडी, आणि तिच्या कव्हरवर हाच पन्नाशीचा बाप्या काळा गॉगल लावून उभा.

धाऊ सकाळपासून पेंढ्याच्या गाड्या भरून नुकता कुठे टेकला होता. अंग असं आंबलं होतं की चहाची बशी तोंडाला लावायचाही कंटाळा. त्यात आता गाणं ऐका! पण कमळूला परत पाठवायचं त्याच्या जिवावर आलं.

"अवो, पाय तरी धुवा," त्याची बायको हौसा आतून म्हणाली. "आता त्याची तपासणी व्हायचीय."

एरवी कमळू खो खो हसला असता. आज हसला नाही. धाऊला तिथेच कसंसंच झालं.

"कल्याणला केलं, कंप्युटरवर," कमळू म्हणाला. "म्हशाच्या जत्रेची कमिटी यंदा डीजे आणते. बेंजो कोण ऐकतो आता, बोलतात. मी बोललो, माझं नवीन गाणं तरी ऐका. तर ते बोलले, धाऊचा पाय हलला का? हलला असंल तर सुपारी तुझी." त्याने सीडी पँटला पुसली. "आणि ही सुपारी गेली ना धाऊ, तर पार्टी मोडली. पोरं आताच डीजेवाल्याकडं जायला निघालीत."

धाऊच्या मुलाच्या, अक्षयच्या प्लेयरवर गाणं लागलं. दणका असा की फळीवरची पातेली थरथरली. गाणं वाईट नव्हतं हो. वाईट असतं तर बरं झालं असतं, धाऊ चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. चाल गोड होती, सूर चोख होते, सगळं कसं जिथल्या तिथे होतं. आणि घोडं नेमकं तिथेच अडलं.

कमळूचं मधलं बोट जवानीत भातगिरणीच्या पट्ट्यात सापडलेलं. तेव्हापासून ते धड वाकायचं नाही. चाल वर चढली की कॅसिओवर ते बोट जरा मागाहून पडायचं, आणि त्या तेवढ्या उशिरात धाऊचा पाय हवेत थांबायचा, मग खाली यायचा. बहिणीच्या हळदीत तो त्यावरच नाचला, अक्षयच्या बारशाला त्यावरच. म्हशाच्या जत्रेत तर धाऊने टॉवेल कमरेला बांधल्याशिवाय कमळू सुरुवातच करायचा नाही. पेंढा, भात, दुखरा गुडघा, घरची कटकट, सगळं त्या उशिरात विसरायला व्हायचं. धाऊचं स्वतःचं असं तेवढंच होतं.

कंप्युटरने तो उशीरच काढून टाकलेला.

पाय पडला होता लाकडासारखा. कमळू त्याच्याकडे टक लावून बघत होता, आणि त्याचा चेहरा बघवेना. धाऊला रडू आलं, आणि रडायचाही कंटाळा आला. एवढ्या वर्षांत त्याने या माणसाला एकदाही फसवलं नव्हतं. मरू दे, म्हणून त्याने पाय हलवला. मुद्दाम.

कमळूचा चेहरा उजळला. मग त्याने मान वाकडी केली, थोडा वेळ बघितलं आणि बटण दाबून गाणं बंद केलं.

"धाऊ, पाय मागाहून पडतोय तुझा."

"गाडी भरून आलोय रे. दमलोय."

"दमला नायस. तो माझ्या बोटाची वाट बघतोय."

"मग बघणारच!" धाऊ एकदम उखडला. "कुणी सांगितलं व्हतं त्या कंप्युटरवाल्याकडं मरायला? उद्या कॅसिओ घेऊन ये. तू हाताने वाजव, मी कमिटीसमोर नाचतो. गुडघा गेला खड्ड्यात!"

हौसा चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

"कॅसिओ त्यालाच दिला, पैशांच्या बदली," कमळू म्हणाला. "नाय तर हे गाणं कुठून निघालं असतं?"

धाऊने त्याच्या हाताकडे बघितलं. ते बोट सीडीच्या कव्हरवर तसंच ताठ होतं. आता कमळूवर रागवायचीही ताकद धाऊत उरली नव्हती.

"लाव परत," तो म्हणाला.

"कशाला रे? कळलं मला."

"लाव बोलतो ना. पाय म्हातारा झाला, एका टायमात नाय समजत त्याला. जत्रेला अजून दिवस हाय."

कमळूने बटण दाबलं. धाऊने दोन्ही हातांनी गुडघा धरला, आणि कुणाचीही वाट न बघता पाय टाकायला शिकू लागला.