माळ्यावरचा टायर

माझे बाबा माणसांवर विश्वास ठेवत, कुत्र्यांवर ठेवत, एकदा तर निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसावरही त्यांनी तो ठेवला होता. जुन्या रबरावर मात्र कधीच नाही. आमच्या बेटावर पील गावात त्यांचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. कुणी टायर घेऊन आलं की बाबा आधी त्यावर अंगठ्याचं नख रुतवून बघायचे. खूण उमटली तर टायर जिवंत. नाही उमटली तर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत करवतीने कापून टाकायचे, म्हणजे उद्या दुसरा कुणी दीडशहाणा तो चाकावर चढवायला नको. "अहो फिनलो, नक्षी बघा ना, कोरी करकरीत आहे," असं कुणी कळवळून म्हटलं, तर म्हणायचे, "दात मढ्याचेही चांगले असतात." लोक शिव्या घालत आणि पुन्हा त्यांच्याकडेच येत.

म्हणून त्या रविवारी सकाळी मी त्यांच्या शेडपाशी आले आणि जागच्या जागी थिजले.

आजोबांनी महायुद्धाच्या आधी घेतलेली मोटरसायकल बाहेर उन्हात उभी होती. पुसून लख्ख केलेली. पुढच्या चाकावर माळ्यावरचा टायर होता. आजोबांनी जादा म्हणून आणून ठेवलेला, एकदाही रस्ता न पाहिलेला. तो जन्मभर तपकिरी कागदात गुंडाळून तुळईला टांगलेला असायचा, कारण तो बघायचा टायर होता, चालवायचा नव्हता. हे मला बाबांनीच सांगितलं होतं. मी वाकून नख दाबलं. नख दुमडलं, रबराला काही झालं नाही. बाजूच्या बारीक भेगांमध्ये बूट पॉलिश भरलेलं होतं.

आणि शेडच्या कोपऱ्यात, मार्चमध्ये त्यांनी स्वतःच मागवलेला नवा टायर तसाच उभा होता. त्याच मापाचा, त्याच जुन्या नक्षीचा, अंगावरचे रबराचे बारीक केस अजून शाबूत असलेला.

मी शाळेची बस चालवते. मला कुणी टायरांतलं समजावायला नको. जूनमध्ये डग्लस शहरातल्या डॉक्टरांनी जे सांगितलं, तेही मला पुन्हा समजावायची गरज नव्हती. बाबांच्या नसा मरत होत्या. डावा अंगठा आधीच गेल्यातच जमा होता. पुढे हात, मग जीभ, मग गिळणं, मग श्वास. "हे सगळं येत्या हिवाळ्यात," डॉक्टर म्हणाले होते. बाबांनी त्यांचे आभार मानले होते आणि येताना मला बंदरावर आइस्क्रीम घेऊन दिलं होतं.

गेला आठवडाभर ते फार खुशीत होते. बुधवारी माळ्याला शिडी लावलेली दिसली, तेव्हा म्हणाले, "लांबशेपटे झालेत वर." उंदरांचं नाव आमच्या बेटावर घेत नाहीत, अपशकुन होतो. मी म्हटलं, पिंजरा लावा. मला वाटलं, औषध लागू पडतंय. अक्कल कुठे गहाण टाकली होती, देव जाणे.

तेवढ्यात फाटकातून ऑरी कॉर्किल आपली फटफटी घेऊन आला. हा बाबांचा चाळीस वर्षांचा मित्र, जुन्या गाड्यांच्या मंडळाचा सर्वेसर्वा. मंडळाची मोसमातली शेवटची फेरी होती, डोंगरावरून पलीकडच्या रॅमसी गावापर्यंत.

"आईशप्पथ!" तो गुडघ्यांवरच बसला. "फिनलो! अरे, हा तर अस्सल! कारखान्यातून निघाला तस्साच! कुठे दडवून ठेवला होतास रे चोरा?"

"माळ्यावर," बाबा आतून म्हणाले. शब्द जरा जड येत होते.

"अक्षरं बघ, अक्षरं! बक्षीस तुझंच. आम्ही मेलो तिच्यायला."

त्याने टायरवरून हात फिरवला, चारी बाजूंनी फोटो काढले. या माणसाने बाबांना शेकडो टायर कापताना बघितलं होतं. पण मंडळातल्या सगळ्यांचं हेच. अस्सल म्हटलं की यांची बुद्धी गोठते. मला त्याच्या टकलावर पंप मारावासा वाटला.

"ऑरीकाका, तुम्ही व्हा पुढे," मी म्हणाले. "आम्ही येतोच."

"लवकर या. चहा संपवतील हावरट." तो गेला.

बाबा कातडी कोट घालून बाहेर आले. बटणं लावायला त्यांना बराच वेळ लागला असणार, आणि खालची दोन चुकली होती.

"बाबा, हा टायर का?"

"अस्सल आहे."

"मला ऑरी समजू नका."

ते हातमोजा चढवत राहिले. डाव्या हाताचा चढेना. मी मदत केली नाही.

"डोंगरावर उताराला तुम्ही वेग सोडणार," मी म्हणाले. "आणि तो फुटणार. आणि सगळे म्हणणार, बिचारा फिनलो, जुन्या टायरने घात केला."

"वाईट काय त्यात? अपघात म्हणजे अपघात. तुला कुणी काही विचारणार नाही."

"मी विचारीन ना! मला! रोज!"

त्या गाडीला किल्ली नसते, नाहीतर मी ती समुद्रात भिरकावली असती. मी ओरडले, पाया पडले, पोलिसांना बोलावते म्हणाले. दर हिवाळ्यात इथेच येऊन राहीन म्हणाले. दर हिवाळ्यात! एकच तर उरला होता. बाबा शांतपणे ऐकत होते. माझं सगळं ओरडून झाल्यावर म्हणाले, "मला गुदमरून मरायचं नाहीये, ब्रीशा. मला फार भीती वाटते त्याची."

बाबांना भीती वाटते हे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यावर डॉक्टरांकडे इलाज नव्हता, माझ्याकडे कुठून येणार? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. मला फक्त ते हवे होते, बस्स, कसेही हवे होते.

त्यांनी लाथ मारली. गाडी दुसऱ्या लाथेला सुरू झाली. मी मागच्या मडगार्डवरच्या छोट्या गादीवर चढून बसले आणि त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"उतर."

"नाही."

"ब्रीशा, उतर खाली. चेष्टा नाही ही."

"चला ना. अस्सल टायर आहे. चला डोंगरावर."

"मूर्ख कार्टी! तुला पोरंबाळं आहेत!"

"चला म्हणते ना!"

गाडी धडधडत उभी राहिली. माझ्या हातांखाली त्यांचं पोट हलत होतं. ते रडत होते की खोकत होते, मला दिसत नव्हतं. मग त्यांनी इंजिन बंद केलं.

"टायर काढायच्या पट्ट्या आण," ते म्हणाले. "आणि साबणाचं पाणी."

आम्ही चाक काढलं. हवा सोडली. टायर रिमला असा चिकटून बसला होता, की दोघांनी बुटांनी तुडवला तेव्हा कुठे सुटला. लोखंडी पट्ट्या घालून उचकटताना त्यांचा डावा हात घसरायचा, मग मी माझा तळवा त्यांच्या हातावर ठेवून दाबायची. रिमच्या आतली पट्टी त्यांनी बोटाने चाचपली, एकही स्पोक वर आलेला नाही ना हे बघितलं. नव्या ट्यूबला पावडर लावली, चिमटली जाऊ नये म्हणून आत थोडीशी हवा भरली. नवा टायर व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने चढवत आणला आणि शेवट व्हॉल्व्हपाशी केला. मग पंप माझ्याकडे दिला. हवा भरल्यावर टायरवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारखी आहे ना, हे बघायला त्यांनी चाक फिरवलं. एका जागी रेघ केसभर आत होती. कुणाच्या डोळ्यांना दिसली नसती.

"सोड हवा," ते म्हणाले. "पुन्हा बसवू."

"चालेल हो एवढं."

"तू बसणार आहेस मागे."

आम्ही पुन्हा बसवलं.

मग आम्ही डोंगरावर गेलो. वर वेगाची मर्यादा नाही, जगभरची माणसं तिथे उडायला येतात. बाबांनी आयुष्यात इतकी हळू गाडी चालवली नसेल. प्रत्येक वळणाआधी ते वेग कमी करत होते, नवं रबर घसरतं म्हणून गाडी अजिबात कलू देत नव्हते. एक सायकलवाला आम्हाला मागे टाकून गेला आणि त्याने हातसुद्धा केला. समोर पार रॅमसीपर्यंत समुद्र दिसत होता. मी त्यांच्या पाठीवर डोकं टेकून रडत होते, कारण ते मला अगदी जपून नेत होते. आता ते रॅमसीला पोचणार होते, घरी परतणार होते, आणि हिवाळा बघणार होते. तो मीच त्यांच्या गळ्यात घातला होता.