आडवी होणारी खुर्ची

हवाईसुंदरीने दंडाला हलकेच हात लावला तेव्हा तो गुडघे समोरच्या खुर्चीत रुतवून जेवणाच्या ट्रेवरचं झाकण सोलत होता.

"पुढे बसल्यात त्या तुमच्या आई ना? झोपायला तयार नाहीत. पाय दुखत असावा, पण विचारलं की नुसत्या हसतात."

"आई नाही, वहिनी," तो सवयीने म्हणाला आणि ट्रे शेजारणीच्या हाती सोपवून उठला.

पन्नाशी कधीच उलटली होती, डोक्यावर केस नावाला उरले होते, तरी घरात त्याला सगळे धाकट्या म्हणूनच हाक मारत. ही हाक वहिनींचीच. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा हे आईविना पोर पाटी घेऊन दारात बसलं होतं. दादाबरोबर संसार मांडायला आलेल्या मुलीच्या पदरात पहिल्याच दिवशी आयता मुलगा पडला. तिने तो कुरकुर न करता वाढवला, पुढे दादा गेल्यावर शिकवलाही. आपण माणसात आहोत ते वहिनींमुळे, हे धाकटा कोणालाही सांगे. फक्त त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

बाटल्या भरायची यंत्रं दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली. कुठल्याशा कारखान्यात यंत्र अडलं की मालक त्याला विमानाच्या मागच्या खुर्चीत बसवून धाडत, आणि त्या प्रवासांपोटी विमानकंपनीकडे त्याच्या खात्यात माइल्स साठत. त्या माइल्सवर तो भुजंगासारखा बसून होता. मेहुण्याने आपले माइल्स देऊन मिक्सर घेतला तेव्हा धाकटा आठवडाभर हळहळला. सोनं देऊन चिंध्या घेतल्या, म्हणाला. माइल्स वस्तूंवर उधळायचे नाहीत, जवळच्या प्रवासावर तर नाहीच नाही. लांबच्या प्रवासाला, पुढच्या आडव्या होणाऱ्या खुर्चीवरच ते लावायचे, तिथेच त्यांचं खरं मोल होतं. हे ज्ञान तो लग्नकार्यात कोणी न विचारताही वाटायचा. निवृत्तीनंतर बायकोला घेऊन तशा दोन खुर्च्यांतून जग बघायचा बेत होता.

मग परदेशी असलेल्या पुतणीला दिवस गेले आणि त्याच सुमाराला वहिनींच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. लेकीच्या बाळंतपणाला जायचं तर आडवं पडून जा, डॉक्टरांनी बजावलं, इतका वेळ बसणं पायाला झेपायचं नाही. आडव्या खुर्चीच्या तिकिटाचा आकडा ऐकून वहिनी म्हणाल्या, फोनवर दिसेलच की बाळ. आणि पुतणीसाठी शिवलेली दुपटी त्यांनी पिशवीतून काढून परत कपाटात ठेवली. ते बायकोने पाहिलं.

"काढा ते माइल्स," ती म्हणाली. "आपण काय, बसूनही जाऊ."

जागा शोधणं सोपं नव्हतं. रात्रीच्या विमानात माइल्सवर एकही आडवी खुर्ची निघेना. तारखा मागेपुढे करता करता शेवटी दिवसाच्या विमानात एक सापडली, तीही निम्म्या माइल्सवर, कारण दिवसा झोपायला कोण जातंय. उरलेल्या माइल्समध्ये सोबत म्हणून त्याचं मागचं तिकीट बसलं. इतका चोख सौदा त्याने जन्मात केला नव्हता. मेहुण्याला त्याने तो दोनदा समजावून सांगितला.

पडदा सारून तो पुढे आला. वहिनी ताठ बसल्या होत्या. पट्टा आवळलेला, मांडीवर पर्स, पायात चपला. पांघरुणाची घडी मोडलेली नव्हती. एका हाताने खुर्चीचा दांडा धरून त्यांनी सगळा भार एका कुशीवर घेतला होता. पलीकडच्या रांगेत एक जाडजूड गृहस्थ आडवे होऊन खुशाल घोरत होते, आणि वहिनी त्यांच्याकडे बघायचं टाळत होत्या.

"वहिनी, पडा ना जरा."

"पडते रे. तू जेवलास?"

हे 'पडते' त्याच्या ओळखीचं होतं. रोज दुपारी भांडी आवरून झाली की वहिनी म्हणायच्या, पडते जरा, आणि मग तांदूळ निवडायला बसायच्या.

"अर्धी वाट अजून बाकी आहे. पाय सुजेल."

"दिवसाढवळ्या, परक्या माणसांत अंग टाकायचं?" त्यांनी आवाज खाली आणला. "येणारा-जाणारा बघतोय. ती पोरगी चारदा पांघरूण घालायला आली. मलाच लाजल्यासारखं झालं."

सगळं बघून काढलेलं तिकीट, आणि नेमकी एवढीच गोष्ट बघायची राहिली. वहिनी दिवसा आडव्या होत नाहीत. मग त्याला वाटलं, रात्री तरी कुठे? तो आठवू लागला. सकाळी उठावं तर त्या उठलेल्या, रात्री डोळा लागावा तर त्या जाग्या. तापात त्याच्या उशाशी बसलेल्या, परीक्षेच्या दिवसांत समोर शिवण घेऊन बसलेल्या. ऑपरेशनच्या वेळी तो दूर एका कारखान्यात अडकला होता, आणि परत आला तेव्हा त्या खुर्चीत बसून भाजी चिरत होत्या. इतक्या वर्षांत त्याने वहिनींना झोपलेलं पाहिलंच नव्हतं.

"तुझा पलंग कुठे आहे?" वहिनींनी विचारलं.

"मागे."

"असाच?"

"साधारण असाच."

"खोटं बोलताना अजून कान खाजवतोस." त्यांनी त्याच्या पँटवर गुडघ्यापाशी पडलेली चुणी पाहिली. "मला पलंग आणि तू पाय दुमडून. अशाने मला इथे सुखाने झोप लागेल होय?"

खुर्चीसमोर पाय टेकायला एक बैठी जागा होती, दोघांचे पाय मावतील एवढी रुंद. वहिनी उंचीने बेताच्या. धाकट्याने हवाईसुंदरीकडे पाहिलं.

"इथे बसलो तर चालेल?"

"हवा बिघडली तर जागेवर जावं लागेल," ती म्हणाली. "तोवर बसा."

तो वाटेच्या बाजूला सरकून आडवा बसला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून त्याने कोपरं फाकवली. "आता मला ओलांडून कोणाला काही दिसायचं नाही."

वहिनींनी मांडीवरची पर्स उशाशी ठेवली.

"तिकडे तोंड कर," त्या म्हणाल्या.

त्याने पाठ फिरवली. मागे पट्टा सुटल्याचा आवाज झाला. चपला एकेक करून खाली टेकल्या. खुर्ची गुणगुणत उलगडू लागली.

"अगो बाई, किती खाली जातंय हे."

"जाऊ द्या, वहिनी. तेवढंच जातं."

"तू आहेस ना?"

"आहे."

हा प्रश्न लहानपणी अंधारात तो विचारायचा, आणि उत्तर त्या द्यायच्या.

पांघरूण सळसळलं, मग शांत झालं. पलीकडचे गृहस्थ कूस बदलून पुन्हा घोरू लागले. हवाईसुंदरी पाण्याचा पेला घेऊन आली, त्याच्या खांद्यावरून मागे डोकावली आणि हसली. बघावं, असं त्याला फार वाटलं. पण वहिनींनी तिकडे तोंड करायला सांगितलं होतं.

"तुम्ही जेवून या मागे जाऊन," ती कुजबुजली. "मी आहे इथे."

तो उठायला लागला, एवढ्यात त्याच्या पाठीला काहीतरी टेकलं. वहिनींची टाच होती. दुखरा पाय आपोआप लांब होत होत त्याच्यापर्यंत पोचला होता. घरात कोणाला चुकून पाय लागला तर त्या दचकून पाय मागे घेत, मग तो लहान मुलाला लागलेला असला तरी. आता टाच तशीच राहिली, जड आणि ऊबदार.

"नको," धाकटा म्हणाला. "मी इथेच बरा आहे."

आणि तो पाठ जराही न हलवता बसून राहिला.