हाक्याला माझा मुलगा

आमच्या जावयांना एक खोड आहे. दुसऱ्याच्या घरात शिरले की आधी टेबल ताब्यात घेतात. महिनाभर माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यांचा नकाशा, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवतोय. नकाशात नुसते डोंगर, चहूकडे समुद्र. त्या परक्या बेटावर जाऊन मोठ्या शिंगांची हरणं मारायची म्हणे. परवाना, बंदूक, वाटाड्या, सगळं ठरलंय. इकडे झुरळ निघालं तर हे खुर्चीवर चढतात.

माझा मुलगा त्यांच्यापायी वेडा. भाऊजी म्हणतील ती पूर्व दिशा.

परवा संध्याकाळी जावयांनी नकाशावर पेन्सिल टेकवली. "मी इथे वर, डोंगराच्या धारेवर बसणार. तू खालच्या झुडपांतून हाका करत, आरडाओरडा करून जनावर उठवत यायचं. ते वर पळालं की माझ्या टप्प्यात."

"म्हणजे गोळी माझ्याच दिशेनं की!" मुलगा हसला.

"म्हणून तर हे." त्यांनी पिशवीतून नारिंगी जाकीट काढलं. "आंधळ्यालाही दिसेल."

मुलगा ते घालून आरशासमोर मिरवायला लागला. मी चहा ओतत होते. माझी नजर जावयांच्या पायांकडे गेली. एक मोजा तपकिरी, दुसरा हिरवा. मुलगी घरी असली की मोज्यांच्या जोड्या लावून ठेवते. ती कामासाठी बाहेरगावी गेली की हे असं. लग्न झाल्यापासून आम्ही हसत आलोय, जावई विसरभोळे म्हणून.

त्या दिवशी हसू आलं नाही. मी मुलाच्या अंगातलं जाकीट उतरवून घेतलं, मागच्या दारानं गेले आणि कुंपणाच्या झुडपावर टाकून आले.

"जावईबापू, जाकीट कुंपणावर टाकलंय. आणता जरा?"

मुलाला मी खिडकीशी उभं केलं; तिथूनही जाकीट लख्ख दिसत होतं. जावई कुंपणाच्या कडेनं गेले. जाकिटाच्या समोरून गेले. परत आले. मग हातानं पानं चाचपायला लागले. मुलगा आधी खिदळला, मग गज धरून पुढे वाकला.

"नाही दिसत, आई. वाऱ्यानं उडालं असेल," जावई आत येत म्हणाले.

"पायात मोजे कोणत्या रंगाचे आहेत?"

त्यांनी खाली पाहिलं. दोन्ही पाय जवळ घेऊन पाहिले. "लहानपणापासून आहे ते, हिरवं-तपकिरी-नारिंगी सगळं सारखंच दिसतं," म्हणाले. "लोक हसतात, म्हणून बोलत नाही. पण जनावर मी हालचालीवरून ओळखतो ना."

"हालचाल तर याचीही असणार."

"आई, जाऊ दे ना," मुलगा पुटपुटला. तोंड पांढरं पडलं होतं, तरी भाऊजींचीच बाजू.

जावई नकाशाची घडी घालायला लागले. मी घडीवर हात ठेवला.

"रंग दिसत नाही, हा तुमचा दोष नाही, जावईबापू. पण ठाऊक असून याला खाली उभा करत होतात. तुम्ही खुशाल जा, शिंगं आणा, भिंतीला लावा. मुलगी दिली तुम्हाला. मुलगा देणार नाही."