फावड्याचा आवाज

दिवाळी झाली की आमच्या निफाडकडे थंडी दारात येऊन बसते. त्याआधी लसूण, मेथी, वाटाणा मातीत गेला पाहिजे, नाहीतर पुढे गारठ्यात कोंब वर यायला नखरे करतात. म्हणून मी आजारी असो की रुसलेली, या दिवसांत वाफे बांधतेच.

परसबाग आमची दोघींची, मधे हातभर बांध. पलीकडची बाजू माझ्या थोरल्या जावेची, कुसाबाईची. आमचा कित्येक वर्षांचा अबोला. कारण काय, तर वालाच्या शेंगा. तिचा वेल माझ्या मांडवावर आला, मी शेंगा तोडून भाजी केली. ती भाजीही मेली धड शिजली नव्हती. पण आधी तोंड कोणी उघडायचं, यावर दोघी अडून बसलो.

पाणी द्यायला मात्र दोघी लागायचो. विहिरीच्या मोटरीचं बटण तिच्या मागच्या दाराशी, माझे वाफे पार दुसऱ्या टोकाला. ती बटणापाशी बसायची, मी फावड्याने पाणी वळवायची. शेवटचा वाफा भरला की मी फावडं दगडावर आपटायची आणि तिकडे मोटर बंद व्हायची. एक शब्द न बोलता दोघींची बाग हिरवीगार. लोक हसायचे, हसू देत.

नवरात्रात तिचा मुलगा सोमनाथ तिला शहरात, इंदिरानगरला फ्लॅटवर घेऊन गेला. गुडघ्यांनी दगा दिला होता तिच्या. जाताना तिने बटणाच्या पेटीची किल्ली बांधावर ठेवली आणि वळून न बघता गाडीत बसली. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं. मालक गेल्यापासून घरात मी एकटीच, त्यामुळे ते ऐकायला कोणी नव्हतं.

आज लसूण लावून झाला. मोटर चालू करून आले, पाणी वळवलं. शेवटचा वाफा भरला तसं सवयीने फावडं आपटलं. पाणी येतच राहिलं. मी चिडून पुन्हा आपटलं, आणि मग लक्षात आलं. तोवर वाफ्याची कड फुटली, लसणाच्या पाकळ्या वर येऊन तरंगायला लागल्या. मी चिखलात तशीच उभी राहिले. अबोला धरायलासुद्धा समोर माणूस लागतं. त्या माणसावाचून मला फार एकटं वाटलं.

मोटर तशीच सोडून मी सोमनाथच्या बायकोला, निकिताला, फोन लावला. सांगितलं, काही विचारू नको, फोन फक्त सासूच्या कानाला लाव. तिकडून श्वास ऐकू आला. मी फोन दगडाजवळ ठेवला, फावडं आपटलं आणि फोन पुन्हा कानाशी धरला.

मग तिचा आवाज आला, पहिल्यापेक्षा बारीक झालेला.

"लंके, मोटर तूच बंद कर. मी नाय आता तिथं."

"मग कधी येता, बाई?"

ती गप्प झाली. तिचं गप्प राहणं मी इतकी वर्षं ऐकलंय, झोपेतही ओळखेन. हे वेगळं होतं. ती रडत होती.