डाव्या कोपऱ्यातला पिवळा

चित्र सापडलं ते तांदळाच्या डब्यामागे, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. प्राप्तीचा जीव भांड्यात पडला, आणि पाठोपाठ रागही आला. अकरा वाजता मुरूडच्या शाळेत तिला चित्रकलेचा पाठ घेऊन दाखवायचा होता. बाळंतपणात नोकरी सुटली, त्यानंतर मिळालेली ही पहिलीच संधी. आणि पाठ याच चित्रावर होता: दोनशे वर्षांपूर्वीच्या कुणा युरोपियन रोमँटिक चित्रकाराचं, वादळात सापडलेल्या गलबताचं; ही त्याची छापील प्रत.

"आई, हे तुम्ही लपवलंत?"

सासूबाई, मैनाबाई, नातीला, शिवानीला, पेज भरवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "माझा निकेत दर्यावर हाय. घरचा माणूस आत असताना बुडतं होडकं भितीवर नको. आमच्यात चालत न्हाय."

"बघा तरी." प्राप्तीने चित्र त्यांच्यापुढे धरलं. पाठ म्हणून दाखवावा तसं बोलत गेली. "निम्म्याहून जास्त कागद काळं आभाळ, गलबत मुठीएवढं. लाटा तिरक्या, डोलकाठी तिरकी. एक रेघ सरळ नाही, म्हणून बघणाऱ्याला काहीच स्थिर वाटत नाही. रंगही हिरवट, काळे. सगळी भीतीच."

मैनाबाईंनी चमचा वाटीत ठेवला. "ह्या डाव्या कोपऱ्यात पिवळं काय?"

"उजेड. थोडासाच आहे."

"तो शिडावर पडलाय, बघ ना गो. वारा मागून हाय, तोंड उजेडाकडं. हे बुडत न्हाय, घरला येतंय." मग बाळाचं तोंड पुसत म्हणाल्या, "इतकी शिकलीस, नि होडी येते का जाते कळंना?"

प्राप्ती हसली, पण नजर चित्रावरच राहिली. लाटा, डोलकाठी, माणसांचे पुढे आलेले हात, साऱ्या तिरक्या रेघा त्या पिवळ्याकडेच धावत होत्या. एवढा काळोख रंगवला होता तो एवढासा उजेड जाणवावा म्हणून. तिने पाठाच्या वहीतलं अर्धं पान खोडलं.

वर्गात मागच्या बाकावर मुख्याध्यापिका सुचिता मॅडम आणि निवड समितीचे दोघे बसले होते. प्राप्तीने चित्र लावलं आणि डावा कोपरा तळहाताने झाकला.

"काय वाटतं?"

"मेले सगळे," नववीतला एक जण म्हणाला. वर्ग हसला.

तिने हात काढला. हसू हळूहळू थांबलं. खिडकीजवळची मुलगी हलकेच म्हणाली, "मॅडम, पोचतील."

"कशावरून?"

मग मुलंच बोलू लागली. कुणी शीड दाखवलं, कुणी हात. पिवळा मध्यभागी असता तर, म्हणून वाद झाला. तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

"सोमवारपासून या," सुचिता मॅडम म्हणाल्या. "घर जवळ आहे ना? मधल्या सुट्टीत बाळाकडे जाऊन येत जा."

शाळेच्या पायरीवर मैनाबाई रडणाऱ्या शिवानीला घेऊन बसल्या होत्या. शेवटचं पाजून तीन तास झाले होते, प्राप्तीचा ब्लाऊज दुधाने ओला झाला होता. तिने पदराआड बाळाला घेतलं. शिवानीने दोनदा हुंदका दिला आणि पिऊ लागली. सकाळपासून ताणलेले प्राप्तीचे खांदे तेव्हा कुठे सैल झाले.

"शाळेत घेतलं का तुला?" मैनाबाईंनी विचारलं.

तिने मान डोलावली. "सोमवारपासून."

"मग सोमवारपासून हिची पेज मी किती वाजता करायची, तेवढं सांग."